बनुबाईच्या घरावरून

लालमहंमद वायरमनचा जगात एकाच वस्तूवर पुरता भरवसा होता, आणि ती म्हणजे तार. तार डोळ्यांना दिसते, हाताला लागते, तुटली तर कुठे तुटली ते शोधता येतं. पाथर्डीच्या डोंगरातल्या उंबरटेक वाडीत बावीस घरं, आणि बावीसही घरांतली तार त्याच्याच हातची. लग्नाचा मांडव असो, सप्ता असो, नाहीतर टेकडीवरच्या पीराचा उरूस असो, दिव्यांच्या माळा लावायला लालचाचाच हवा. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. मग शिडीवर चढून एकेक दिवा काढून तपासत बसायचं. चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्याचीसुद्धा माळच होते, असं त्याची बायको शमशाद म्हणायची, आणि ती फारशी चुकत नव्हती.

त्यामुळे नगरच्या एका संस्थेतली पंकजा नावाची मुलगी पांढऱ्या डब्या घेऊन वाडीत आली, तेव्हा त्याला तो सगळा पोरखेळ वाटला. उंबरटेकला मोबाईलची रेंज कधीच नव्हती. डोंगराचा खांदा आडवा येतो. फोन लावायचा तर खिंडीपर्यंत अर्धा तास चढून जायचं. खाली चार किलोमीटरवर थोरल्या गावात मात्र जमिनीखालून इंटरनेटची केबल आलेली. पंकजाचं म्हणणं असं, की थोरल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर एक डबी बसवायची, टाकीसमोर वाडीतलं जे सगळ्यात उंच घर आहे त्यावर दुसरी, तिथून दिसेल त्या घरावर तिसरी, आणि असं करत सगळ्या वाडीत इंटरनेट न्यायचं. लालमहंमदने तिला दोनदा विचारलं, मध्ये तार नाही? ती दोन्ही वेळा हसून नाही म्हणाली.

"चाचा, ही माळ नाहीये," तिने समजावलं. "प्रत्येक डबी आपल्या शेजारणींशी बोलते. एक गप्प झाली, तर बाकीच्या दुसरीकडून निरोप पोचवतात. रस्ता आपण सांगायचा नाही, त्यांचा त्या शोधतात. फक्त दोघींना एकमेकींचं तोंड दिसलं पाहिजे. मध्ये डोंगर नको, दाट झाड नको."

त्याने मान डोलावली, आणि ती गेल्यावर ऑइलपेंटने डब्यांवर एक ते अकरा नंबर घातले. म्हणजे मनात माळ ती माळच.

डब्या बसवायचं काम चालू होतं तेव्हा ओढ्याकाठच्या बनुबाईने त्याला हाक मारली होती. बनुबाई एकटी राहायची. तिच्याकडे फोन नाही, बाहेरगावी कुणी नाही, दोन शेळ्या आणि एक बल्ब एवढाच संसार. माझ्या घरावर बी एक लावा की, म्हणाली. "मला हितून पीराचा दिवा दिसतो, आन् शाळेचा झेंडा बी दिसतो," असंही तिने कौतुकाने सांगितलं, जणू घराची किंमत वाढवून सांगत होती. लालमहंमद म्हणाला, तुझं घर खोलात, तिथं डबी लावून ती कुणाशी बोलणार, शेळ्यांशी? शिडी धरलेली माणसं हसली. बनुबाईही हसली आणि शेळ्या सोडायला गेली.

अकरावी डबी शाळेवर बसली आणि त्या दिवशी शाळेच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शमशादची बेलापूरची बहीण दिसली. नुसती दिसली नाही, शमशादला म्हणाली, किती वाळलीस गं. शमशाद पडद्याला हात लावून रडली. लालमहंमद मात्र बाहेर येऊन वर बघत उभा राहिला. टाकी आणि वाडी यांच्यामध्ये नुसतं ऊन होतं. त्या उन्हातून एक बाई आपल्या बहिणीकडे येऊन गेली होती आणि एक पानसुद्धा हललं नव्हतं. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उंबरटेकची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती चैत्रात परततात. पोरंही बरोबर जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. यंदा भागवत गुरुजींनी घरोघर फिरून सांगितलं, की पोरं इथेच ठेवा, शाळेत राहतील, जेवतील, मी आहे. आणि रोज संध्याकाळी सातला तुम्हाला पडद्यावर पोरांची तोंडं दिसतील. या एका शब्दावर सात पोरं मागे राहिली. त्यात वाल्मिक आणि आरतीची राजेश्वरी होती. दहा वर्षांची, पाचवीत. आरती स्वतः पाचवीतूनच टेम्पोत बसली होती आणि तिच्या हातातला कोयता तेव्हापासून सुटला नव्हता. पोरीला सोडून जाताना तिने गुरुजींना बजावलं, सातला तोंड दिसलं पाहिजे.

निघायच्या दिवशी लालमहंमद नेहमीप्रमाणे घरोघर फिरला. ही त्याचीच घालून दिलेली रीत होती. आठ वर्षांपूर्वी टेकावरचं वाल्मिकचं घर बंद असताना शॉर्टसर्किटने जळालं होतं. वर्षाचं धान्य, गोधड्या, देवाचे टाक, काही उरलं नाही. तार लालमहंमदच्या हातची होती. त्याला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं. तेव्हापासून त्याने नियम केला, की ऊसतोडीला निघताना मीटरजवळचा फ्यूज उपटून काढायचा आणि बरोबर न्यायचा. बाया तो पदराच्या गाठीला बांधतात. घराची किल्ली पुरुषाकडे, फ्यूज बाईकडे. यंदाही तो प्रत्येक दारात उभा राहिला, फ्यूज काढला का, बांधला का, असं विचारून समाधानाने पुढे गेला. आरतीने त्याला गाठ दाखवली. टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला सात पोरं तेल लावून, तोंडं धुऊन पडद्यासमोर बसली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. साडेसात झाले. धाकटं एक पोर रडायला लागलं. राजेश्वरी रडली नाही, पण तिने वेणीचं टोक तोंडात घातलं आणि ते काढलं नाही.

लालमहंमद बॅटरी घेऊन निघाला. अकरा नंबर ठीक, दहा नंबर मेलेली, नऊ मेलेली. माळेतला गेलेला दिवा शोधावा तसा तो मागे मागे जात टेकावर पोचला. वाल्मिकच्या घराच्या भिंतीवर एक नंबरची डबी होती, टाकीशी बोलणारी एकुलती एक. तिच्यातही दिवा नव्हता. त्याने सवयीने मीटरवर उजेड टाकला. फ्यूजची जागा रिकामी होती.

तो तिथेच ओट्यावर बसला. डब्यांना घरातली वीज लागते, हे त्यानेच तार ओढून दिलेलं. बॅटऱ्या पंकजा पुढच्या खेपेला आणणार होती. आणि काल दारोदार फिरून, एकेकीला विचारून, त्यानेच बंद घरांवरच्या सगळ्या डब्या मारल्या होत्या. चाळीस वर्षांत एवढ्या निगुतीने त्याने एकही काम बिघडवलं नव्हतं.

सकाळी तो खिंडीत चढला. आधी पंकजाला फोन लावला. ती दूर नंदुरबारकडे होती, चार दिवस येऊ शकत नव्हती. तिने एवढंच सांगितलं, की बंद घरांवरच्या डब्या काढा आणि जिथे वीज आहे तिथे लावा. रस्ता त्यांचा त्या शोधतील. मग त्याने आरतीला फोन लावला. कोपरगावच्या बाजूला गोदेकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या, तिकडे रेंज भरपूर. त्याने सगळं खरं सांगितलं. मग चाचरत विचारलं, तुझ्या घराला नवा फ्यूज घालू का, तेवढ्याने काम होईल.



"न्हाई चाचा," आरती म्हणाली. "त्ये घर एकदा जळलंय. बंद घरात करंट नगं."

त्याने बरं म्हटलं. त्याच्यावर तिचा राग नव्हता, पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"काल सातला फोन धरून बसले हुते मी. ती दिसली न्हाई. रातभर झोप न्हाई, आन् सकाळी कोयता हातात ऱ्हाईना. आज सातला तिचं तोंड दिसलं तर ठीक. न्हाई दिसलं तर उद्या सकाळी दुसऱ्या टोळीचा टेम्पो फाट्यावरून निघतो, त्यात तिला बसवून द्या."

लालमहंमद खिंड उतरला तो जवळजवळ पळतच. हातात एक दिवस होता, आणि पाचवीतली एक पोर.

त्याने डोक्यात नवी माळ आखली. टाकीच्या समोर येणारी जागा आता एकच, पीराची टेकडी. दर्ग्याला वीज होती, तारही त्यानेच नेलेली. म्हणजे टाकीवरून दर्ग्यावर, दर्ग्यावरून त्याच्या स्वतःच्या घरावर, आणि तिथून शाळेवर. शाळेवर आणि त्याच्या घरावर डबी आधीच होती, शाळेतली गुरुजी सात वाजताच चालू करायचे. फक्त दर्ग्यावर एक लावायची. त्याने बंद घरांच्या भिंतींवरून दोन डब्या उतरवल्या, एक लागणारी आणि एक हाताशी असावी म्हणून.

शिडी खांद्यावर घेऊन तो ओढ्याच्या वाटेने निघाला, तर बनुबाई दारातच. तिने काही मागितलं नाही. नुसतं डबीकडे बघितलं आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लालमहंमदला त्या दिवशीचं हसू आठवलं. त्याच्या हातून परवापासून एवढं बिघडलं होतं, की एखादं माणूस तरी खूश व्हावं असं त्याला वाटलं. त्याने शिडी लावली, सात नंबरची डबी तिच्या पत्र्यावर बांधली, तार खाली बल्बाच्या बटणाला जोडली आणि दिवा हिरवा होतो की नाही हे बघायलाही थांबला नाही. बनुबाई म्हणाली, चहा घेऊन जावा. तो म्हणाला, मागून.

दर्ग्यावर डबी बसवायला ऊन कलंडलं. पत्र्याच्या कडेला पाइप बांधला, तार जोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि हिरवा झाला. चार किलोमीटरवरची टाकी तिथून एवढीशी दिसत होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओळख करून दिली नव्हती. तिथेच हातपाय धुऊन, वजू करून त्याने मावळतीची, मगरिबची नमाज पढली, आणि त्या दुवेत इंटरनेट होतं हे सांगायला त्याला पुढे कधी लाज वाटली नाही.

घरी येऊन त्याने आपल्या भिंतीवरची डबी बघितली. दिवा लाल. त्याने बटण बंद करून चालू केलं. लाल. शमशादने हात वर करून टेकडी दाखवायचा प्रयत्न केला आणि तिचा हात मध्येच थांबला. त्यांच्या घरामागे जुनी चिंच होती, पानांनी गच्च भरलेली. ती कधी आड आली नव्हती, कारण आजवर ही डबी दुसऱ्या बाजूला, वाल्मिकच्या टेकाकडे तोंड करून बोलत होती. टेकडी चिंचेच्या मागे होती. सात वाजायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत चिंच तोडता येत नाही.

लालमहंमद शाळेकडे चालू लागला, ते गुरुजींना सांगायला, की पोरीचं गाठोडं बांधा. आरतीला काय सांगायचं ते त्याने तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा त्याला स्वतःलाच ते ऐकवेना.

शाळेच्या पायरीवर त्याने पाऊल ठेवलं आणि आतून आवाज आला, "तोंड किती वाळलंय गं तुझं."

तो दारात थिजला. पडद्यावर आरती होती. मागे कोपीचं पाचट, कुणाचा तरी कंदील, आणि आरतीचं काळंभोर, उसाच्या पाल्याने ओरखडलेलं तोंड, ओलं. राजेश्वरी पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि जेवलीस का, जेवलीस का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. लालमहंमदला काही कळेना. त्याच्या घरचा दिवा लाल होता. माळ तुटलेली होती, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग ही बाई इथे आली कुठून?

"राजी, ऐक," आरती म्हणाली. "उद्या सकाळी टेम्पो येईल, तर..."

आणि चित्र थांबलं. आरतीचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मग तेही गेलं आणि गोल फिरायला लागला.

राजेश्वरीने मागे वळून लालमहंमदकडे बघितलं. तो व्हरांड्यात आला. बाहेर अंधार पडला होता. टेकडीवर पीराचा दिवा लागलेला होता. तिथून नजर खाली उतरली, ओढ्याकडे, जिथे आत्ता येताना एक पिवळा बल्ब त्याने बघितला होता. तो विझला होता.

बनुबाई सातच्या सुमारास निजते. निजण्याआधी ती बटण बंद करते, कारण घरात करंट ठेवून डोळा लागत नाही तिचा. ही सवय सगळ्या वाडीला माहीत होती.

मला हितून पीराचा दिवा दिसतो, आन् शाळेचा झेंडा बी दिसतो.

लालमहंमद पळाला. साठीतला माणूस, अंधारात, ओढ्याच्या उतारावरून. दोनदा घसरला, एकदा गुडघा फुटला, पण त्याला ते नंतर कळलं. त्याच्या मनात एकच गोष्ट चालली होती. आपण रस्ता आखला तो बंद पडला, आणि त्या मुक्या डब्यांनी वाट सोडून खाली बघितलं, आणि ज्या घराला आपण हसलो ते घर शोधून काढलं. एवढ्या वाडीत टेकडीलाही आणि शाळेलाही तोंड देऊन उभं असलेलं घर तेवढंच होतं. आपण तिथे जन्मभर येऊन जाऊन होतो आणि आपल्याला ते दिसलं नव्हतं.

"बनुबाई, बटन चालू कर," तो दारातून म्हणाला. श्वास पुरत नव्हता.

ती घाबरून उठली. तिला वाटलं कुणी गेलं. तिने बटण दाबलं, बल्ब लागला, आणि लालमहंमद अंगणात उभा राहून पत्र्याकडे बघत राहिला. लाल. लाल. हिरवा. थोड्याच वेळात वरून, शाळेतून, पोरांचा एकदम गलका ऐकू आला.

मग त्याने तिला सांगितलं. तो ओट्यावर बसला होता, आणि सांगताना त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

"राजीची आई बोलतीय तिकडं कोपरगावला. ती टाकीवर येती, टाकीवरनं पीराच्या टेकडीवर, तिथनं तुझ्या पत्र्यावर, आन् मग शाळेत. सगळ्यांची आईबाप तुझ्या घरावरनं जात्यात, बनुबाई."

"आत्ता? या घडीला?"

"या घडीला."

बनुबाईने वर बघितलं. पत्रा होता तसाच होता. तिने घाईने पदर ओढून डोक्यावर घेतला, घरात पाहुणे आल्यावर घेतात तसा.

"तू सांगितलं हुतंस," लालमहंमद म्हणाला. "मीच हसलो."

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि दिवा राहू दे म्हणाली. सातही पोरांची बोलणी संपेपर्यंत ती तशीच बसून होती, डोक्यावर पदर घेऊन, मध्ये एकदा शेळी ओरडली तर तिला गप्प करून. लालमहंमदने तिथेच तिचा चहा घेतला.

सकाळी दुसऱ्या टोळीचा टेम्पो फाट्यावर आला आणि त्याने तीनदा हॉर्न वाजवला. राजेश्वरी पळत गेली. हातात घडी घातलेली चादर होती. आदल्या रात्री आरतीचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं होतं ते असं, की टेम्पो येईल, तर तुझ्या दोन चादरींतली एक त्याच्यापाशी दे, इकडं थंडी लई हाय, आन् तू नगं येऊ. तिने चादर ड्रायव्हरच्या हातात दिली, तो अजून काही विचारत होता तेवढ्यात वळली, आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पोचली.

पंकजा चार दिवसांनी आली, बॅटऱ्या घेऊन. आता बटण बंद केलं तरी डबी चालेल, असं तिने बनुबाईला समजावून सांगितलं. बनुबाईने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. अजूनही ती निजायची थांबते. शाळेतलं शेवटचं बोलणं संपलं की राजेश्वरी व्हरांड्याच्या टोकाला येऊन ओढ्याकडे तोंड करून ओरडते, "आजी, झालं." मग खाली ओढ्याकाठचा बल्ब विझतो.